‘आमच्या बोलीला आजार ठरवू नका’ : एका शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांना स्पीच थेरपिस्ट हवेत, असं मागच्या लेखात मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘वर्गाला शिक्षक नाहीत आणि तुम्ही थेरपिस्ट मागता. हे अमेरिकेचं खूळ आहे. उद्या आमच्या पोरांचं ‘काय करायलास’सुद्धा आजार ठरवाल आणि पुण्याची मराठी शिकवाल.’ तुम्ही बीड जिल्ह्यात वर्ग सांभाळता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बोलीचं, कारण तुमची खरी चीड तिथं आहे आणि ती मला पटते. ‘काय करायलास’ म्हणणाऱ्या पोराला थेरपीची काडीचीही गरज नाही. मी घरी तसंच बोलते. अमेरिकेचं नाव काढलंत म्हणून सांगते : तिथल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९८३ मध्येच लेखी भूमिका घेतली की, इंग्रजीची कुठलीही बोली हा वाचादोष नाही. बोली कुठली आणि विकार कुठला, हे ओळखणं हाच या कामाचा पाया आहे.

एका तांड्यावरच्या शाळेतली गोष्ट सांगते. दुसरीतल्या एका मुलाबद्दल बाई म्हणाल्या, ‘हा बोलतच नाही, मतिमंद असेल.’ वर्गात तो खरंच तोंड उघडेना. मी त्याच्या आजीला बोलावलं आणि त्याच्याशी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बंजारा बोलीत, बोलायला सांगितलं. शेळी कुठं चुकली, कोण शोधायला गेलं, कुत्रं कसं मागं लागलं, सगळं त्यानं ओळीनं सांगितलं. आजी मला मराठीत सांगत गेली. भाषेचा विकार असता तर तो गोरमाटीतही दिसला असता. या पोराला फक्त मराठी नवी होती.

त्याच वर्गात आणखी एक गप्प मुलगी होती. तिच्या श्रुतलेखनाच्या वहीत ‘जातोस’चं ‘जातो’ आणि ‘नाहीत’चं ‘नाही’ झालेलं. लक्ष नसतं हिचं, असं बाईंचं मत. विचारल्यावर कळलं की पावसाळ्यात तिचा कान वाहतो आणि घरचे कोमट तेल घालतात. (वाहत्या कानात तेल घालू नका, हे प्रत्येक पालकसभेत सांगा, सर.) कान वाहत असला की ऐकू कमी येतं, सुकला की थोडं सुधारतं, म्हणून ‘हिला पाहिजे तेव्हा बरं ऐकू येतं’ असं घरीदारी म्हणायचे. शब्दाच्या शेवटचे हळू उच्चारलेले ‘स’ आणि ‘त’ अशा मुलांच्या कानातून लवकर निसटतात, आणि मराठीचं निम्मं व्याकरण तिथंच असतं. तिला आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाईंच्या दृष्टीनं मात्र ही दोन्ही मुलं सारखीच होती, ‘मठ्ठ’. त्यात बाईंचा दोष नाही. हे ओळखायला त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

आता पैशाचं. शिक्षकांची पदं आधी भरा, हे मीही म्हणते. शाळेगणिक थेरपिस्ट मी मागत नाही. तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रात एक मागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं आणि गरज वाटली की जिल्ह्याला पाठवतं. पण किनवटहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि प्रत्येक खेपेला आईचा रोज बुडतो. मग चिठ्ठी घरीच पडून राहते. मूल रोज जिथं येतं तिथंच तज्ज्ञानं जावं, माझं म्हणणं एवढंच आहे.

तुमच्याकडे तर दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. मुलाला महिनोन्‌महिने दर आठवड्याला समोर बसवणं तिथं जमणारच नाही. म्हणून शाळेतल्या थेरपिस्टचं बरंचसं काम शिक्षकांबरोबर, आणि मागं राहिलेल्या आजी-आजोबांबरोबर आहे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावातच राहणारी, हंगामी वसतिगृहातली मुलं संध्याकाळी एकत्र असतात, तीही वेळ वापरता येते. साधं उदाहरण घ्या. तोतरं बोलणाऱ्या मुलाला प्रकट वाचनाला एकट्याला उभं करू नका, जोडीदाराबरोबर एका सुरात वाचू द्या. अडखळणं बहुतेक वेळा तिथल्या तिथं कमी होतं. त्यानं तोतरेपण जात नाही, पण पोरगं वाचायला हात वर करतं.

तुमच्या वर्गात असं गप्प मूल असेल तर आधी त्याला घरच्या माणसाशी घरच्या भाषेत बोलताना ऐका, मग कानाचं विचारा. काय दिसलं ते इथंच लिहा, सर. पुढं काय करायचं ते आपण मिळून बघू.