पोट साफ होतं का?

खोकला माझा होता, पण दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तो सार्वजनिक मालमत्ता झाला. पहिली ढास आली तेव्हा चार माना वळल्या. दुसरीला शेजारच्या काकांनी वर्तमानपत्राची घडी घालून मांडीवर ठेवली. जागा बदलावी म्हणून पाहिलं, तर रिकामी खुर्ची एकच, आणि तिच्यावर कुणाची तरी पर्स बसलेली.

"कोरडा की ओला?"

"कोरडा."

"पोट साफ होतं का?"

हे कुजबुजून विचारलेलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीचं पेन थांबलं. मी म्हटलं, "काका, मला खोकला आहे."

"तेच विचारतोय. मूळ पोटात असतं."

"होतं साफ."

"रोज?"

"रोज."

"एकदा की दोनदा?"

समोरचा एक शाळकरी मुलगा मोबाइल खाली ठेवून माझ्या उत्तराची वाट बघू लागला. सर्दी-खोकल्याला कारण होणारे दोनशेहून जास्त विषाणू आहेत. त्यांतला सगळ्यात नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस नाकात आणि घशात मुक्काम करतो, त्याचं मोठ्या आतड्याशी काही देणंघेणं नसतं. पण हे सांगायला घसा लागतो, आणि माझा तर तोच बसलेला. मी "एकदा" म्हणालो. काकांनी "हं" केलं. त्या 'हं'मध्ये माझ्या आजवरच्या आयुष्यावरचा निकाल होता.

मग उपचार सुरू झाले. आल्याचा रस, मध, लसूण, हळद, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ. पाणी कोमट नको, सोसवेल इतकं गरम. आलं किसायचं नाही, ठेचायचं. का, ते विचारायचं नाही. गुळण्यांनी घशाला बरं वाटतं हे मलाही मान्य आहे, पण काकांना मान्यता नको होती, शिष्य हवा होता. शेवटी आला ज्येष्ठमध. दिवसभर तोंडात धरायचा.

मला ब्लड प्रेशर आहे. ज्येष्ठमधात ग्लायसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य असतं. ते बरेच दिवस पोटात जात राहिलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं. खोकत खोकत का होईना, मी एवढं सांगितलं.

"अहो, नैसर्गिक आहे! झाडपाल्याने कधी अपाय होत नाही."

धोतराही झाडपालाच आहे. पण तो सुचवण्याइतकी आमची ओळख वाढली नव्हती.

एवढ्यात पर्सवाल्या बाई उतरल्या मैदानात. त्यांचं म्हणणं, सी व्हिटॅमिन घ्या, सर्दी फिरकणार नाही. ही समजूत काही बाकावर जन्मलेली नाही. लायनस पॉलिंग यांना 1954चं रसायनशास्त्राचं आणि 1962चं शांततेचं, अशी दोन नोबेल मिळालेली, दोन्ही एकट्यांना. त्यांनी 1970मध्ये सर्दीवर सी व्हिटॅमिनचा उतारा सांगणारं पुस्तक लिहिलं आणि जगभरची माणसं गोळ्या चघळू लागली. पुढे चाचण्यांतून निघालं ते एवढंच: आधीपासून रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे 8 टक्क्यांनी आटोपते. म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर घ्यायला लागलं, तर तेवढाही भरवसा नाही. पण दोन नोबेलवाल्याला जिथे कुणी आवरू शकलं नाही, तिथे मी या बाईंना काय आवरणार? त्यांनी पर्समधून गोळीही काढली. मी ती घेतली आणि खिशात टाकली. अजून खिशातच आहे.

इथपर्यंत मी हसतमुख होतो, निदान मास्कच्या वर तरी. मग काका एका तरुण मुलीकडे वळले. तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ, नाक गळतंय. "थोडा मध चाटव. रात्री शांत झोपेल."

मधाशी माझं भांडण नाही. मुलांच्या रात्रीच्या खोकल्याला त्यानं थोडा आराम पडतो, पण वर्षावरच्या मुलांच्या. वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नसतो. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. एवढ्या लहान आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडत जातं, श्वासावरही बेततं. गंमत बघा, इथे मामला खरोखर पोटाचा होता आणि नेमकं इथेच काकांना पोट आठवलं नाही. मी जरा जोरातच "देऊ नका" म्हणालो.

"आमच्याकडे सगळ्यांना चाटवला. कोण मेलं?"

यावर काय बोलणार? ती मुलगी बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मी म्हटलं, आत गेलीस की डॉक्टरांनाच विचार. विचारलं की नाही, कोण जाणे.

डॉक्टरांच्या औषधानं गुण आला नाही तर आपण दुसऱ्या दिवशी जाऊन हुज्जत घालतो. काकांकडे हुज्जत कुठे घालायची? सर्दी सात ते दहा दिवसांत आपल्या पायांनी निघून जाते, आणि जाताना दारात जो उभा असेल तो श्रेय घेतो. लांबली, तर आपणच पथ्य मोडलेलं असतं.

काकांच्या पलीकडे एक काकू इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचं नाव पुकारलं गेलं. काकाही उठले. काकू डोळे उघडून म्हणाल्या, "तुम्ही बसा इथेच," आणि आत गेल्या. काका बसले. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

यथावकाश माझा नंबर लागला. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला. विषाणूचा आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आपोआप जाईल म्हणाले. "भरपूर पाणी प्या. मिठाच्या गुळण्या करा. वाटलं तर चमचाभर मध." मी फी दिली.

बाहेर काका वाटच पाहत होते. "काय दिलं?"

"गोळ्या," मी म्हणालो. "तीन प्रकारच्या. आणि इंजेक्शन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिसेप्शनवरच्या मुलीकडे पाहिलं, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "झालं. आता ह्यांचं आहे ते पोटही बसणार."