कन्सोलच्या भाटातले आदर्श मुंडकार व्हा

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, घ्यायचा बेत असेल तर दुकानात जाण्याआधी एक दिवस गावी जा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, भाटकारासमोर उभे कसे राहायचे असते? (गोव्यात भाटकार म्हणजे जमिनीचा मालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा.) मान किती झुकवायची, पहिला फणस कधी पोचवायचा, बोलायला सुरुवात कुणी करायची. आमची आजी हे सगळे उठून करून दाखवायची. घराची कौले परतायची झाली तरी आधी भाटकाराकडे विचारायला जावे लागे, असे ती सांगे. मला ते जुन्या काळातले काहीतरी वाटायचे. पन्नास हजारांचे पांढरे धूड टीव्हीखाली आणून ठेवले तेव्हा कळले, आजी माझी शिकवणी घेत होती.

पहिला धडा भावाचा. यंत्र जुने झाले की स्वस्त होते ही अडाणी समजूत आधी डोक्यातून काढा. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच डबा ५४,९९० चा झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे यंत्र पाच वर्षांचे होत आले असताना, ५० डॉलर चढले. कुरकुर करू नका. पणजीतल्या फोंताइन्हाशमधल्या जुन्या घराचा भाव दरवर्षी चढतोच ना? तुम्ही वारसास्थळ घेताय असे समजा. आणि डिस्क ड्राइव्ह मागू नका, बरे दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ प्रो अमेरिकेत ६९९.९९ डॉलरचा होता. त्यात ड्राइव्ह नाही आणि उभा ठेवायचा स्टँडही नाही. दोन्हींचे पैसे वेगळे. ड्राइव्ह घेतलात तरी पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून कंपनीला कळवावे लागते. कौले परतायची परवानगी, दुसरे काय!

निन्टेन्डोकडून तर अदब शिकावी. त्यांचा 'स्विच २' हा कन्सोल जून २०२५ मध्ये आला. या यंत्रात काय काय आहे हे समजावून सांगणारी एक 'वेलकम टूर' त्यांनी बनवली आणि ती ९.९९ डॉलरला विकायला ठेवली. जेवायला बोलवायचे आणि पाटाचे भाडे घ्यायचे, ही कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नाही याचेच वाईट वाटते. शिवाय 'गेम-की कार्ड' आहे. कार्ड खाचेत घालायचे, पण गेम त्यात नसतोच, तो इंटरनेटवरून उतरवायचा. लहानपणी आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कॅसेट आणायचो. वर लिहिलेले असे ९९९९ इन १, आत निघायचे चार गेम, तेही फुंकर मारल्याशिवाय चालत नसत. त्या विक्रेत्याला आम्ही लबाड म्हणायचो. आज त्याची माफी मागावीशी वाटते. त्याने चार तरी दिले होते.

मालकीची भाषा टाळा. बटणावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असते ते लाडाने म्हटलेले आहे, ते मनावर घेऊ नये. तुम्ही घेता तो परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की ऑनलाइन दुकानाने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. सांगितले म्हणजे झाले. परवाना परवानाच राहतो. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणकाची प्रणाली टाकता येते असे सांगून सोनीने तो विकला होता आणि १ एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये ती सोय काढून घेतली. तारीख मी जुळवलेली नाही, त्यांनीच निवडली. त्याच यंत्रावर मित्रांशी ऑनलाइन खेळणे फुकट होते. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि त्यावर ऑनलाइन खेळायला बहुतेक गेमसाठी वर्गणी लागू झाली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेट या वर्गणीचा अमेरिकेतला महिन्याचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ वरून एकदम २९.९९ डॉलर झाला. खंड वाढला म्हणून भाटकाराला कुणी कारण विचारते काय?

थोडे जुगाराबद्दल. गोवेकरांना मांडवी नदीतल्या कॅसिनोत खेळायला १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे, सरकारला आपली काळजी आहे म्हणून. (बंदी किती पाळली जाते हा विषय वेगळा.) पण घरी सोफ्यावर बसून फुटबॉलच्या गेममध्ये पैसे भरून बंद पाकिटे फोडा, कोणी अडवणार नाही. आत कोण खेळाडू निघेल ते तुमचे नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पाकिटांना जुगार ठरवले, पण बेल्जियम लांब आहे. गेम दुसऱ्या कंपनीचा असला तरी कन्सोलवाल्याच्या दुकानातून जे विकले जाते त्यावर त्याचा साधारण ३० टक्के वाटा असतो. पत्ते कोणाचेही असोत, टेबल त्याचे.

आता रिमोट. त्याला कंट्रोलर म्हणायचे असते, पण आमच्या घरात तो रिमोटच. माझ्या रिमोटचा डावा अ‍ॅनालॉग, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, चौदाव्या महिन्यात ड्रिफ्ट होऊ लागला. वॉरंटी बारा महिन्यांची, त्यामुळे बिचाऱ्याने शिस्त पाळली असेच म्हणावे लागेल. कंपनीचे नाव घेत नाही. भाटकाराचे नाव तोंडाने घेऊ नये. मी बोट न लावताही माझा बचावपटू डावीकडे चालत सुटायचा, जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा, आणि मागून प्रतिस्पर्धी आरामात गोल करून जायचा. ग्राहक सेवेतल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितले, की नवा घ्या. शेवटी म्हापशात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने तो उघडला. अ‍ॅनालॉगच्या बगलेला शर्टाच्या गुंडीएवढ्या दोन हिरव्या डब्या होत्या. त्यांच्या आत काळ्या पट्टीवर एक बारीक पत्रा घासत राहतो. पट्टी झिजते आणि यंत्राला वाटते, बोट डावीकडेच आहे. पोराने कान कोरायच्या काडीने ती काजळी पुसली आणि काडी माझ्यासमोर धरली. सहा हजारांचा रिमोट, आणि त्याला आजारी पाडणारी पूड डोळ्यांत घालायच्या काजळाएवढीसुद्धा नव्हती.

न घासणारा, चुंबकावर चालणारा सेन्सर शोधायचा अजून बाकी आहे असे समजू नका. सेगाने १९९८ मध्येच आपल्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या रिमोटमध्ये तो घातला होता. २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा धंदा बंद केला. टिकणारी वस्तू करणाऱ्याचे असे होते, हे बाकीच्यांनी नीट पाहून ठेवले असावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तोंड उघडू नका. लोकांनी तोंड उघडले की कंपन्यांना किती त्रास होतो याची उदाहरणे वाचून अंगावर काटा येतो. एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे लागून यंत्रे धडाधड मरू लागली, तेव्हा गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षे करावी लागली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन रोज एकदा इंटरनेटवर हजेरी देईल असे ठरले होते. इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचे असे विचारले, तेव्हा त्यांच्या मोठ्या साहेबांनी जुना ३६० आहे की, असे सुचवले. पावसाळ्यात वाळपईच्या पुढे राहणाऱ्यांसाठी केवढा विचार! पण लोक ओरडले आणि आठवड्याभरात तो बेत गुंडाळावा लागला. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाचे ऑनलाइन दुकान बंद करायचे ठरवले, एप्रिलमध्ये माघार. डिसेंबर २०२३ मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या लायब्ररीतून काढायचे ठरले, त्याच महिन्यात पुन्हा माघार. इतकी मोठी माणसे, आणि दर वेळी चार पोरांच्या ओरडण्यापुढे मान खाली! असला प्रसंग आपल्या हातून येऊ नये. निन्टेन्डोने मे २०२५ मध्ये करारात लिहूनच ठेवले आहे, की नियम मोडलात तर तुमचे यंत्र कायमचे निकामी करता येईल. घर तुमचे, वीजबिल तुमचे आणि कुलूप त्यांचे.

आमच्या बाबांना यातले काही पटत नाही, कारण ते बिघडलेले मुंडकार आहेत. गोव्यातल्या १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही, आणि गावात घर व भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंत जागा त्याला विकत घेता येते. एवढ्यासाठी बाबांनी डिचोलीच्या मामलेदार कचेरीत अकरा वर्षे चपला झिजवल्या. त्या कागदाची फाइल कपाटात आईच्या शालूच्या खाली आहे आणि चवथीला ती एकदा बाहेर काढून बघतात.

परवा ते माझ्या मागे येऊन बसले. पडद्यावर माझी लायब्ररी उघडी होती, बासष्ट गेम.

"हें सगळें तुजें?"

"हो."

"कागद खंय आसा?"

मी अटींचे पान उघडून दाखवले. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ वाचले. खाली कर, खाली कर, असे मला हाताने खुणावत राहिले. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"भाटकार निदान गांवांत तरी रावतालो," ते म्हणाले.

यावर काही बोलणार तेवढ्यात पडद्यावर नव्या अटी आल्या. मी 'मान्य' दाबले.