जिभेखालची गोळी आणि 'गॅसच आहे' वालं फॉरवर्ड

काल मावशीने ते फॉरवर्ड पाठवलं, 'छातीत दुखतंय? हार्ट की गॅस, घरीच ओळखा', आणि खाली लिहिलं, "बघ, मला गॅसच आहे." चार महिने झाले तिचा घास छातीत अडकतोय, म्हणून लिहितेय, नाहीतर असलं काही आलं की मी सरळ डिलीट करते.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी. म्हणे सॉर्बिट्रेट, म्हणजे हार्टच्या दुखण्याची गोळी, जिभेखाली ठेवा, दुखणं थांबलं तर हार्ट, नाही थांबलं तर गॅस, निवांत झोपा. अहो, ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते तसे अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते, त्यामुळे नलिकेत पेटका आला असला तरी बरं वाटू शकतं. आणि खरा अटॅक चालू असताना गोळीने थांबेलच असं कुठंय? म्हणजे ज्याने दवाखान्यात पळायचं त्यालाच हा मेसेज झोपवतोय! अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संघटनांची 2021 ची छातीदुखीची गाइडलाइन आहे, त्यात सरळ म्हटलंय की नायट्रोग्लिसरीनने (हे सॉर्बिट्रेटच्याच जातीतलं औषध) आराम पडणं हा निदानाचा निकष धरू नका.

'ईसीजी नॉर्मल म्हणजे हार्ट नाही' हेही तसलंच. अटॅकच्या सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तर परत काढतात आणि काही तासांनी ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, पुन्हा बघतात. हां, हार्ट नाही हे नीट ठरल्यावर सगळ्यात जास्त वेळा ॲसिडिटीच निघते, एवढं मान्य. गरम पाणी प्या म्हणतात, प्या बापडे.

'एंडोस्कोपी नॉर्मल, मग टेन्शनच' यावर मात्र डोकं फिरलं. दुर्बिणीतून आतलं अस्तर दिसतं, स्नायू घास कसा ढकलतात ते नीट कळत नाही. मावशी जेवताना मध्येच उठते, हात वर करून पाठ मागे ताणते, मग कुठे घास उतरतो. आधी पोळी अडकायची आणि नंतर पातळही, असं असतं तर नलिका अरुंद झालीय का, गाठ आहे का हे आधी बघतात. तिचं पहिल्यापासून पाणीसुद्धा अडकतंय, म्हणजे हालचालीतच गडबड असण्याची शंका. अकॅलेशिया नावाच्या आजारात अन्ननलिकेची खालची झडप गिळताना नीट उघडत नाही आणि सुरुवातीला एंडोस्कोपी साफ येऊ शकते. ते बेरियम पाजून काढलेल्या एक्सरेत आणि मॅनोमेट्रीत सापडतं. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून 5-5 मिली पाण्याचे घोट देतात आणि प्रत्येक घोटाचा दाब मोजतात.

मावशीची मॅनोमेट्री पुढच्या आठवड्यात आहे. "नळी जाताना दुखतं का गं?" नाक बधिर करतात मावशी, थोडं मळमळेल, डोळ्यांतून पाणी येईल. हे काही त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.