गूळ घातल्याने अमायलेज का वाढत नाही : रावेरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. स्टार्चचा रेणू पेशीत शिरूच शकत नाही, म्हणून ‘स्टार्च दिसला की बुरशी अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) बनवते’ हे माझं आधीचं वाक्य चूक. आणि कच्च्या केळीच्या पिठात गूळ घातला तर एन्झाइम वाढतं, कारण तुम्ही डब्यात वाढवलेल्या बुरशीत आठव्या दिवशी ते भरपूर मिळालं.

पहिला आक्षेप मान्य. वाक्य ढिलं होतं. बुरशी थोडंसं अमायलेज कायमच बाहेर सोडत असते. त्याने स्टार्च तुटून माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची साखर, होतं. अल्फा-ग्लुकोसिडेज हे दुसरं एन्झाइम त्यातल्या काहीचं आयसोमाल्टोज करतं: ग्लुकोज तेच दोन, फक्त जोड १-४ ऐवजी १-६. खरी वर्दी हा रेणू देतो. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीला ३ मायक्रोमोलर इतकं अत्यल्प आयसोमाल्टोज पुरतं; तेवढ्या माल्टोजने काही हलत नाही. मग ॲमायआर हे प्रथिन केंद्रकात जाऊन अमायलेज, ग्लुकोअमायलेजची जनुकं चालू करतं.

गुळाचं मात्र पटत नाही. गूळ मुख्यतः सुक्रोज. बुरशी त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करते. ग्लुकोज मुबलक झालं की क्रीए हे दुसरं प्रथिन त्याच जनुकांना ब्रेक लावतं. ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी तर माल्टोज आत घेणारं पटलावरचं दारच काढून घेते. आयती भाकरी असताना जात्यावर कोण बसेल? पिकलेली, साखर झालेली केळी याच कारणाने नको.

ताडून बघा. १ टक्का स्टार्च, २ टक्के अगार (घट्ट करायला) आणि नेहमीचे क्षार घालून प्लेटी ओता. निम्म्यांत २ टक्के ग्लुकोज घाला (गूळ नको, रंग आड येतो). मधोमध ओरायझीच्या बीजाणूंचा ठिपका, ३० अंश, ३ दिवस, मग पातळ आयोडीन. स्टार्च फस्त झालाय तिथे निळं चढत नाही, फिकं कडं दिसतं. त्या कड्याचा व्यास वसाहतीच्या व्यासाने भागा. नुसतं कडं मोजलंत तर फसाल, कारण ग्लुकोजवर वसाहतच मोठी होते. माप लगेच घ्या, रंग उडतो. आठवडाभर थांबू नका: ग्लुकोज संपतं, ब्रेक सुटतो, फरक पुसला जातो. तुमच्या डब्यात बहुधा हेच झालं.

मे महिन्यात आपल्याकडे खोली ३० अंशांच्या वरच असते, आणि साधा इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) फक्त तापवतो. थंड करणारा लागेल, नाहीतर डिसेंबरात करा. मक्याच्या कणसावरची हिरवट बुरशी मात्र उचलू नका. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही ओरायझीची सख्खी बहीण, अफ्लाटॉक्सिन हे विष करणारी; नुसत्या डोळ्यांनी दोघी ओळखू येत नाहीत. ओरायझी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून, कॉलेजमार्फत मागवा.