क्रोकेट म्हणे! वड्याला टाय बांधला की तो पौष्टिक होतो का?

तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.2 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हापासून घरात माझ्यावर पाळत आहे. भज्यांचा घाणा निघाला की पोरगीसुद्धा माझ्यापुढची प्लेट ओढून घेते. बरं, तेही मान्य. पण काल पुण्याहून मेहुणी आली ती फ्रोझन क्रोकेटचं (चुऱ्यात घोळवलेले बटाट्याचे वडेच ते) पाकीट आणि स्वतःचा एअर फ्रायर घेऊन. "खावा की दाजी, तळलेलं न्हाई. बीट घातलंय त्यात!" आणि गेल्याच आठवड्यात माझ्या हातातलं अर्धं भजं काढून घेणाऱ्या बायकोनं स्वतःच्या हातानं मला सहा वाढले. सहा!

खाल्ले. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू? मग कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढलं, चष्मा लावला आणि टाळकं सरकलं.

समोर ठळक अक्षरात 'प्रोटीन'. मागे मुंगीएवढ्या अक्षरात घटक : बटाटा, तेल, ब्रेडचा चुरा, मैदा, आणि मग कुठंतरी बीट. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. म्हणजे त्यात बिटापेक्षा तेल जास्त! तळलेलं नाही म्हणे. अहो, कारखान्यात एकदा तळूनच गोठवलंय ते. एअर फ्रायर नुसता गरम करतो, आत मुरलेलं तेल काय परत ओढून घेतो?

पुढची गंमत बघा. एक सर्व्हिंग म्हणजे 2 नग, 50 ग्रॅम. दोन क्रोकेट खाऊन उठणारा माणूस आमच्या लातुरात तरी मी पाहिलेला नाही. आपण दीडशे ग्रॅम चापले, म्हणून पोरीची पेन्सिल घेऊन पाकिटावरच हिशोब मांडला. 100 ग्रॅमला फॅट 12 ग्रॅम, म्हणजे माझ्या पोटात 18. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाला वरचं तेल-तूप धरलंय 27 ग्रॅम. चहाबरोबरच्या 'हलक्या' खाण्यात माझा दोन तृतीयांश कोटा संपला, अजून फोडणी बाकी! सहा नगांत सोडियम 720 मिलीग्रॅम, म्हणजे जवळपास 1.8 ग्रॅम मीठ. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, आणि वर मेहुणीनं दिलेला सॉस मी धरलेलाच नाही.

आणि ते गाजलेलं प्रोटीन? सहा नगांत मिळून 6 ग्रॅम. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण तेवढंच असतं, शिवाय चोथा मिळतो तो वेगळा. पण भाकरीवर कुणी चकचकीत अक्षरात काही छापत नाही ना! तुरीच्या डाळीची बाजारपेठ म्हणून ज्या गावाचं नाव, त्या गावात मी प्रोटीनसाठी ब्रेडचा चुरा चघळायचा. वा!

क्रोकेटशी माझं वैर नाही. तो फ्रेंच शब्दच मुळी कुरकुरीत चावण्यावरून आलाय. उरलेला उकडलेला बटाटा, नाहीतर घट्ट व्हाइट सॉसमध्ये कालवलेलं काहीतरी, चुऱ्यात घोळवून तळायचं. आपल्याकडं शिळ्या भाताचे वडे करतात तसंच. कधीतरी खावं, मजेत खावं. मला राग आहे तो त्याला 'डाएट' म्हणण्याचा. बटाटा भाजीच्या रकान्यात धरतात, तिथंच सगळं फसतं. तो भाकरीच्या रांगेतला गडी. दोन क्रोकेट खायचे तर अर्धी भाकरी कमी करा, शेजारी वाटीभर घट्ट वरण घ्या, काकडी-मुळ्याची मूठभर नाही, ताटभर कोशिंबीर घ्या. मग बसतो तो ताटात. पण आमच्याकडं काय झालं? सहा क्रोकेट 'नाश्ता' म्हणून, आणि रात्री नेहमीचं जेवण आहेच, कारण "दुपारी काही खाल्लंच कुठं तुम्ही!"

बायकोला हिशोब दाखवला. तिनं पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "मग भजी काय कमी होती का?" भज्यांवर मी कधी म्हटलं होतं का, की ती तब्येतीला चांगली म्हणून? भजं निदान प्रामाणिक असतं. तेलात पोहून येतं आणि तसंच दिसतं. कागदावर ठेवलं तर डाग पडतो. ह्या सोनेरी बिटाच्या गोळ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बायकोची परवानगी मिळवली, हे मला पचत नाहीये.

आज सकाळी मेहुणीचा फोन. "दाजी, आवडले न्हवं? अजून एक पाकीट ठिवलंय फ्रीझरमदी. पुढच्या खेपेला ओट्सचे आणते, ते तर लईच हेल्दी."