जनगणनेत ‘शहरी’ ठरल्याने ग्रामपंचायत जात नाही

बेळगाव परिसरातील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे: जनगणनेत लोकसंख्या ५,००० च्या वर गेली की गाव शहरी ठरते, ग्रामपंचायत बरखास्त होते, शेतजमिनी आपोआप एन. ए. (बिगरशेती) होतात, म्हणून प्रगणकाला घरातली माणसे कमी सांगा. यातले एकही विधान टिकत नाही आणि शेवटचा सल्ला तर गावाच्या मुळावर येणारा आहे.

पहिला मुद्दा ५,००० चा. नगरपालिका किंवा कॅन्टोन्मेंट नसलेल्या गावाला ‘जनगणना नगर’, म्हणजे जनगणनेपुरते शहरी, ठरवायला २०११ मध्ये तीन अटी एकत्र लागत होत्या: किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात. तिसरी अट आपण नीट समजून घेतली पाहिजे. नवरा उद्यमबागेतल्या फौंड्रीत वर्षभर पाळी करतो, बायको पावसाळ्यात भाताची लावणी करते आणि भात निघाल्यावर त्याच रानात भाजी पिकवून पहाटे शहरात विकायला नेते. अशा घरातून या टक्केवारीत एकटा नवराच मोजला जातो. सहा महिन्यांहून कमी काम करणारा ‘मुख्य’ धरला जात नाही, त्यामुळे फक्त सुगीपुरता शिवारात उतरणारा पुरुषही शेतीच्या बाजूने मोजला जात नाही. बायकांचे कष्ट वगळणारी ही व्याख्या मला अन्यायाची वाटते. पण केवळ लोकसंख्येवर गाव शहरी ठरते, हे मात्र खरे नाही.

दुसरा मुद्दा ग्रामपंचायतीचा. हिंडलगा आणि कंग्राळी बुद्रुक ही गावे २०११ मध्ये जनगणना नगरे म्हणून नोंदली गेली, तरी तिथला कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. ग्रामपंचायत जाते ती सरकारने अधिसूचना काढून नगरपंचायत स्थापन केल्यावर किंवा गाव शहराच्या हद्दीत घेतल्यावर, आणि कर्नाटकात नगरपंचायतीसाठी १०,००० ते २०,००० लोकसंख्येचा वेगळाच निकष आहे. लक्ष ठेवायचे ते या अधिसूचनेवर.

एन. ए. चे तर जनगणनेशी नातेच नाही. ते कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली, मालकाच्या अर्जावर होते.

राहिला माणसे लपवण्याचा सल्ला. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा १९४८ च्या जनगणना कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या जागा दर ४०० लोकसंख्येमागे एक अशा ठरतात आणि ही लोकसंख्या जनगणनेतूनच घेतली जाते. शंभर घरांनी चार-चार माणसे लपवली, तर गावाचा एक सदस्य तिथेच कमी होतो.