खुलासा: ‘ऑटोरिमूव्ह’ने मुलांच्या फायली जात नाहीत

सांगली-मिरजेकडच्या संगणक शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘उबुंटूत ऑटोरिमूव्ह चालवू नका, मुलांच्या फायली उडतात. फक्त ॲप्ट अपडेट करा, सगळं नवं होतं.’ उबुंटू ही विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली, आणि ‘ॲप्ट’ ही तिच्यात प्रोग्राम बसवण्या-काढण्याची आज्ञा; ‘ऑटोरिमूव्ह’ तिचाच एक प्रकार. मेसेजमधली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

‘ॲप्ट अपडेट’ फक्त कोणत्या पॅकेजची (म्हणजे प्रोग्रामच्या किंवा त्याला लागणाऱ्या भागाच्या गठ्ठ्याची) कोणती आवृत्ती मिळते याची यादी ताजी करतं. नवी आवृत्ती बसते ती त्यानंतरच्या ‘ॲप्ट अपग्रेड’ने. नुसतं अपडेट करून थांबलात, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या यादीतच राहतात, आणि मुलं वापरतात त्या मशीनवर हे चालणार नाही.

आता फायली. ‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढतं, पण सिस्टीममधल्या त्याच्या सेटिंग फायली ठेवतं. ‘पर्ज’ त्याही काढतं. होम फोल्डरमधल्या मुलांच्या कामाला दोन्ही हात लावत नाहीत. ‘ऑटोरिमूव्ह’ काढतं ती दुसऱ्या पॅकेजच्या गरजेपोटी आलेली, आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस आणि जुने कर्नल (सिस्टीमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या). उलट, बूटचं पार्टिशन (संगणक सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा भाग) वेगळं आणि लहान असेल, तर जुने कर्नल साठून ते भरतं आणि अपग्रेडच अडकतं.

मेसेजमागची भीती मात्र अगदीच निराधार नाही. मूळ पॅकेज काढलं, की त्याच्यासोबत आलेलं पण वर्गात रोज लागणारं एखादं पॅकेजही ‘ऑटोरिमूव्ह’च्या काढायच्या यादीत येऊ शकतं. म्हणून ‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा. हवं ते नाव दिसलं, तर ‘एन’ दाबा, ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने ते पॅकेज राखून ठेवा आणि मग पुन्हा चालवा.